डोंगरावरची उतरंड

“आई, इथं डोंगराला फेल म्हणतात,” भूषण म्हणाला. “पण घाबरू नकोस. चढणारे सगळे पास होतात.”

सासूबाई हसल्या नाहीत. साडीचा घोळ कमरेला खोचून, वरून भूषणचं जुनं जाकीट चढवून आणि कानटोपीवर पदर घेऊन त्या पायाखालचा एकेक दगड पारखत चालल्या होत्या. वरून उतरणारे गोरे लोक आम्हाला वाट देऊन बाजूला उभे राहत, हसून काहीतरी बोलत, आणि सासूबाई प्रत्येकाला “हां, या, या” म्हणत पुढं जात. जसे काही सगळे सटाण्याच्या बाजारातले ओळखीचेच.

लग्नाला आमच्या दुसरं वर्ष चालू होतं. लीड्समध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि सासूबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. ऑक्टोबरातला रविवार होता. आदल्या दिवसापर्यंत पाऊस, आणि त्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की भूषणचा पाय घरात ठरेना. सकाळीच गाडी काढून तो आम्हाला लेक डिस्ट्रिक्टला घेऊन आला. हाउंड फेल नावाचा डोंगर त्यानं आधीपासून हेरून ठेवला होता. उतारावरचं नेचं वाळून तांबूस झालं होतं. दगडांच्या भिंती माथ्यापर्यंत चढत गेलेल्या, आणि पाठीवर निळे-तांबडे ठिपके मारलेल्या मेंढ्या आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. सासूबाईंना त्या ठिपक्यांचं नवल वाटलं. आपल्याकडे पोळ्याला बैल रंगवतात तसं का हे, असं त्यांनी विचारलं. कुठली मेंढी कुणाची हे कळावं म्हणून लावलेली ती खूण असते, असं भूषणनं सांगितलं. “चांगलंय,” त्या म्हणाल्या. “हरवली तर सापडते.”

भूषण नाशिकच्या ट्रेकिंगवाल्यांत वाढलेला. लग्न ठरल्यावर लोक सिनेमाला जातात, त्यानं मला साल्हेरवर नेलं होतं. पायऱ्या चढता चढता त्यानं मला दोन नियम पाठ करायला लावले होते. पुढच्यानं मागच्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. आणि ठरलेली जागा सोडायची झालीच, तर सोडणाऱ्यानं खूण ठेवायची. दगडांचा बाण कर, रुमाल बांध, काहीही कर, पण मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे की तू गेलीस कुठं. हे तो इतक्या गंभीरपणे सांगत होता की मी त्यावरूनच त्याच्यावर भाळले म्हणायला हरकत नाही. ज्या माणसाला मागून येणाऱ्याची इतकी काळजी, त्याच्यासोबत आयुष्य काढायला काय हरकत आहे, असं मला तेव्हा वाटलं.

डोंगराच्या खांद्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून कुणीतरी छातीएवढी दगडी भिंत रचली होती. तिथं आम्ही टेकलो. सासूबाईंनी पिशवीतून कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. तोंडानं त्या काही म्हणत नव्हत्या, पण बसताना भिंतीला धरून बसल्या. भूषणनं भाकरी दोन घासांत संपवली आणि उभा राहून माथ्याकडे बघायला लागला. माथा जवळच दिसत होता. तिथपर्यंतची वाट एका लांब सोंडेवरून जायची. डावीकडे मऊ गवताचा उतार, उजवीकडे कडा आणि कड्यात उतरलेल्या काळ्या घळी.

“तुम्ही दोघी इथंच थांबा,” तो म्हणाला. “टोकाला हात लावून येतो.”

मागच्याला नजरेआड करायचं नाही, ग्रूप फोडायचा नाही, हा तुझाच नियम ना, असं मी म्हटलं. तो म्हणाला, ग्रूप फुटतोय कुठं, ग्रूप इथं भाकरी खात बसलाय. आणि ही काय टेकडी, साल्हेरच्या निम्मीसुद्धा नाही. मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “जाऊ दे गं त्याला. टोक दिसलं की याचे पाय शिवशिवतात, लहानपणापासूनचं आहे.” तो गेला. जाताना वळून मला म्हणाला, “आईला एकटं सोडू नकोस.” पाठीवरच्या निळ्या पिशवीचा ठिपका सोंडेवरून लहान लहान होत गेला.

मी डबे आवरेपर्यंत सासूबाई उठल्या होत्या. आडोशाच्या जरा वर, कड्याच्या अंगाला पाटीसारख्या चपट्या दगडांचा सडा पडला होता. त्यातून त्या निवडून दगड गोळा करायला लागल्या. मी ओरडून सांगितलं, आई, कडेला जाऊ नका. “कडेला कुठं,” त्या म्हणाल्या, “इथंच आहे.” आणि मग पदर खोचून खाली बसल्या. सगळ्यात मोठा दगड त्यांनी तळाला ठेवला, त्यावर त्याहून लहान, त्यावर त्याहून लहान. चुलीमागं मडक्यांची रचतात तशी उतरंड. आमच्याकडे वणीच्या गडावर, ब्रह्मगिरीवर बायका अशी दगडांची उतरंड रचतात आणि घर मागतात. दगडावर दगड राहिला की घर उभं राहतं म्हणतात. मीही लहानपणी आईचं बघून रचली होती.

“इथल्या देवाला कळेल का हो आपलं?” मी चेष्टेनं विचारलं.

“डोंगर तो डोंगर,” त्या म्हणाल्या. “त्याला काय भाषा लागते.” शेवटचा, पेढ्याएवढा दगड त्यांनी श्वास रोखून वर ठेवला, हात काढून घेतले आणि बघत राहिल्या. उतरंड हलली नाही. “माझ्या भूषणला स्वतःचं घर होऊ दे,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून लगेच दुरुस्त केलं, “तुम्हा दोघांना.” मला त्या क्षणी त्या इतक्या आवडल्या की मी त्यांच्या हाताची माती माझ्याच ओढणीनं पुसली.

ऊन गेलं ते कळलंच नाही. आधी माथा दिसेनासा झाला, मग सोंड, आणि मग दरीतून पांढरं धुकं चढून आलं आणि त्यानं आम्हाला दोघींना भिंतीसकट झाकून टाकलं. आपल्याकडचं धुकं ओलं असतं, पण ते अंगावर घेता येतं. हे धुकं हाडात शिरत होतं. त्यात वारा सुटला आणि बारीक पाऊस आडवा यायला लागला. मी भूषणला हाका मारल्या. आवाज तोंडासमोरच विरायचा. फोनला रेंज नव्हती.

सासूबाई आधी कुडकुडत होत्या, मग कुडकुडायच्या थांबल्या. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ओठ जांभळे पडले होते, आणि मी काय विचारतेय त्याला त्या भलतंच उत्तर देत होत्या. गाईला पाणी दाखवलं का, असं त्यांनी मला विचारलं. सटाण्याची गाय त्यांनी विकली त्याला तेव्हा वर्षं झाली होती.

तेवढ्यात धुक्यातून एक कुत्रं आलं आणि त्याच्यामागून एक म्हातारं जोडपं. त्या बाईंनी सासूबाईंचे हात हातात घेतले आणि नवऱ्याकडे बघितलं. त्या मला सरळच म्हणाल्या, यांना आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवं, इथं बसून राहिलात तर यांचं काही खरं नाही. माझा नवरा वर आहे, इथंच थांबायला सांगून गेलाय, असं मी म्हटलं. तो तरणा माणूस आहे, त्या म्हणाल्या, चालतोय, अंगात ऊब असेल. यांच्या अंगात नाही.

मी वर पाहिलं. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी गळ्यातला मफलर सोडला. माझ्या आईनं धुळ्याला बसून विणलेला केशरी मफलर होता तो. तिथं थंडी फार, म्हणून पाठवलेला. आडोशाच्या टोकाला एक दगड बाहेर आला होता, त्याला मी तो दोन गाठी मारून बांधला. खाली दगडांचा बाण केला, उताराच्या वाटेकडे तोंड करून. ओढून बघितलं, सुटत नव्हता. मग त्या म्हाताऱ्यानं एका बाजूनं धरलं आणि दुसऱ्या बाजूनं मी. सासूबाईंचा हात मी माझ्या खांद्यावरून घेतला. खाली गावाला पोचेपर्यंत त्यांची बोटं माझ्या मानेला टेकलेली होती, बर्फाच्या काड्यांसारखी. एकदा मागं वळून पाहिलं तेव्हा केशरी ठिपका दिसला. पुढच्या वळणावर नव्हता.

गावातल्या हॉटेलात शेकोटी होती. सासूबाईंना तिथं बसवलं, चहात चार चमचे साखर घालून तो पाजला. हळूहळू रंग परत आला आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला: “भूषण कुठाय?” येईल, मी म्हटलं. दार उघडलं की आम्ही दोघी बघायचो. दारातून कुत्री आली, ओले बूट घातलेली माणसं आली, भूषण आला नाही. शेवटी हॉटेलवाल्यानंच डोंगरावर माणसं शोधणाऱ्या तिथल्या लोकांना फोन लावला. लाल जाकिटं घातलेली माणसं आली. माझ्याकडून सगळं विचारून घेऊन वर गेली. अंधार पडल्यावर त्यांच्या दिव्यांची रांग वर सरकताना दिसत होती. सासूबाई काचेला नाक लावून ती रांग बघत होत्या, तोंडानं देवाचं काहीतरी चाललं होतं.

भूषण सापडला तो उजवीकडच्या घळीत, जिवंत. मांडीचं हाड मोडलं होतं, कंबर सरकली होती, डोक्याला मार होता. तिथून त्याला इस्पितळात नेलं आणि आम्हालाही त्यांच्याच गाडीतून नेऊन सोडलं.

ऑपरेशन चालू होतं. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. सासूबाईंच्या अंगावर इस्पितळाचं पांढरं ब्लँकेट होतं, पायात चिखलाचे स्पोर्ट्स शूज. शोधायला गेलेल्यांपैकी एक दाढीवाला माणूस माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत माझा केशरी मफलर. आवाज खाली ठेवून तो बोलला. म्हणाला, तुम्ही मफलर बरोबर बांधला होता, बाणही स्पष्ट होता, तुम्ही सगळं नीट केलं होतं. तो तिथपर्यंत पोचलाच नाही. आडोशाच्या जरा वरती, कड्यापाशी कुणीतरी नव्यानंच दगड रचले होते. वाट दाखवणारे ढिगारे असतात ना, त्यातला हा नव्हता. लोक गंमत म्हणून असं करतात आणि धुक्यात माणूस फसतो. तुमच्या नवऱ्याच्या बुटांचे ठसे तिथूनच वाट सोडून कड्याकडे गेलेत. तो ढिगारा आम्ही पाडून टाकला. केवढा होता तेही त्यानं दाखवलं. तळहातावर तळहात, त्यावर तळहात, एकावर एक.

तो गेला. मी पिशवी जाकिटाच्या आत सारली.

“काय म्हणत होता गं?” सासूबाईंनी विचारलं.

“धुकं फार होतं म्हणतो.”

“धुकं सगळ्यांनाच होतं. माझाच पोरगा कड्याकडे कसा गेला?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ब्लँकेटमधून त्यांचे हात बाहेर आले होते. नखांत त्या डोंगराची माती अजून होती. ही बाई कशी जगेल, एवढंच माझ्या मनात आलं. आत तिचा मुलगा टेबलावर आहे, आणि हिला जर आत्ता कळलं, तर ही कशी जगेल. दुसरं काही मनात आलंच नाही.

“माझीच चूक आहे, आई,” मी म्हटलं. “खाली येताना मी खूण ठेवायला विसरले.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी ब्लँकेट अंगाभोवती घट्ट ओढून घेतलं आणि तोंड फिरवलं.

भूषणला बोलता यायला काही दिवस गेले. मग एका दुपारी सासूबाई खाली चहाला गेल्या होत्या तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, “आईची उतरंड होती ती.”

मी दाराकडे पाहिलं.

“काही दिसत नव्हतं हेमा. आणि एकदम ती समोर आली. मोठ्यावर लहान, त्यावर लहान. इथं दुसरं कोण रचणार? मला इतकं बरं वाटलं. म्हटलं आई इथंच कुठंतरी आहे. हाक मारत पुढं गेलो.”

मग मी त्याला सगळं सांगितलं. मफलर कुठं बांधला होता, दाढीवाला काय म्हणाला, आणि त्याच्या आईला मी काय सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. माझा हात त्यानं शोधून धरला.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “आईला कळता कामा नये. कधीच.”

त्या दोन शब्दांवर मी किती दिवस काढले. बरं केलंस. आम्हा दोघांमध्ये एक गोष्ट आहे, फक्त आमची, आणि ती चांगली गोष्ट आहे, असं मला वाटायचं. सासूबाईंनी परतीचं तिकीट रद्द केलं आणि त्या मुलाची सेवा करायला राहिल्या. पुढं व्हिसाची खटपट करून त्या येत-जात राहिल्या, मग कायमच्याच आल्या. माझ्याशी कामापुरतं बोलत. फोनवर सटाण्याला बोलताना मात्र त्यांचा आवाज मोठा होई. “विसरली,” त्या सांगत. “एवढं शिकवलेलं पोरानं, तरी विसरली. आता जन्माचा पांगळा झाला.” मी भांडी घासत ऐकत असे. हे मीच त्यांना दिलंय, असं स्वतःला सांगत असे.

ही बातमी धुळ्याला पोचायला वेळ लागला नाही. माझ्या आईनं फोन केला. कितीतरी इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, “अगं, निदान मी दिलेला मफलर तरी बांधायचास.” मी हो म्हटलं. मफलर तेव्हा माझ्या मांडीवर होता.

भूषणचा एक पाय आखूडच राहिला. चालताना तो जरा झोकांडतो, थंडीत दुखतो. डोंगर सुटले. पण माणसांत बसला की गोष्ट सांगायला त्याला आवडायचं, आणि तो सांगायचाही छान. पहिल्या दिवाळीला मराठी मंडळाच्या फराळात कुणीतरी पायाचं विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघून जरा घुटमळला, आणि मग म्हणाला, धुक्यात चुकामूक झाली. दुसऱ्या दिवाळीला घुटमळला नाही. तिसऱ्याला त्यानं त्यात एक विनोद घातला: “बायको असावी तर अशी. नवऱ्याचा विमा न काढताच डोंगरावर सोडून आली.” सगळे हसले. मी करंज्यांचं ताट फिरवत होते, मीही हसले. एक बाई माझ्या दंडावर चापट मारून म्हणाली, काय गं विसरभोळी.

मध्ये जुई झाली. ती चार वर्षांची झाली तेव्हा आम्ही घर घेतलं, लीड्सच्या बाहेरच्या अंगाला, मागं गवताचा तुकडा असलेलं. वास्तुशांतीला भूषणच्या मावशी फोनच्या पडद्यावर होत्या. सगळं घर फिरवून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “सिंधूताई, तुझी उतरंड फळली गं. तिकडच्या डोंगरावर रचलीय म्हणून फोन केला होतास ना, त्या हॉटेलातून?”

मी दचकले. त्या संध्याकाळी शेकोटीपाशी बसून, पोराची वाट बघताना त्यांनी बहिणीला फोन केला होता, हे खरं होतं.

“कुठली उतरंड?” सासूबाई म्हणाल्या. “मी नाही रचली.” आणि फोन त्यांनी देवाऱ्याकडे वळवला.

म्हातारपण, विसरल्या असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण तो आवाज विसरलेल्या माणसाचा नव्हता.

मग जेवणं झाली. पंगतीत कुणीतरी पुन्हा पायाचा विषय काढला आणि भूषणनं पुन्हा तीच गोष्ट सांगितली. ह्या खेपेला जुई त्याच्या मांडीवर बसून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं मान वर करून मला विचारलं, “आई, तू बाबांना सोडून आलीस?” सगळे पुन्हा हसले. सासूबाई भात वाढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूषण चहा घेत असताना मी त्याला विचारलं. बाहेरच्यांना काय सांगायचं ते सांग, मी म्हटलं, पण जुईसमोर नको. तिला तरी खरं कळू दे, मोठी झाल्यावर का होईना. तुला तर माहीत आहे मी मफलर बांधला होता.

“माहीत आहे ना,” तो म्हणाला. बिस्किट चहात बुडवून त्यानं ते अलगद बाहेर काढलं. “पण खरं सांगू का हेमा? मला काही तो दिसला नाही. न दिसलेली खूण आणि न ठेवलेली खूण, माझ्या पायाला काय फरक पडतो?”

तो हे चिडून म्हणाला नव्हता. इतकी वर्षं सांगता सांगता गोष्ट त्याची झाली होती, आणि त्या गोष्टीत माझा मफलर नव्हता, बस. त्यानं कप बेसिनमध्ये ठेवला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि झोकांडत कामाला गेला.

त्यानंतर महिनाभरानं असेल. थंडी पडायला लागली होती. मी मागच्या दारात दोरीवरचे कपडे काढत होते. जुई गवतात खेळत होती. तिच्या गळ्यात केशरी मफलर होता. माझ्या कपाटातल्या जुन्या बॅगेत होता तो, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, आणि तिनं तो शोधून काढला होता. कुंपणापाशी आधीच्या मालकांनी टाकलेले चपटे दगड पडले होते. त्यातला मोठा दगड तिनं खाली ठेवला होता, त्यावर लहान, त्यावर त्याहून लहान. ओठ दातांत धरून ती शेवटचा खडा वर ठेवत होती.

सासूबाई स्वयंपाकघरातून तशाच बाहेर आल्या, अनवाणी, ओल्या गवतातून.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“कुणीच नाही. समुद्रावर बघितलं.”

त्या खाली वाकल्या. गुडघे दुखत असतानाही वाकल्या, आणि वरचा खडा काढून गवतात ठेवला. मग त्याखालचा. मग त्याखालचा. फेकला एकही नाही. एकेक दगड उतरवून त्यांनी जमिनीवर सपाट मांडला आणि हात पुसले. जुईनं भोकाड पसरलं. मी नीट रचलं होतं आजी, पडत नव्हतं, असं ती रडत रडत सांगत होती.

“पडत नाही म्हणूनच,” सासूबाई म्हणाल्या.

माझ्या हातातले कपडे हातातच राहिले.

“आई,” मी म्हटलं, “तुम्हाला ठाऊक होतं.”

त्या माझ्याकडे नाही, जुईच्या गळ्याकडे बघत होत्या. “त्या दिवशी खाली येईपर्यंत माझा हात तुझ्या मानेवर होता,” त्या म्हणाल्या. “मान उघडी होती तुझी. थंडीनं काटा आलेला. बाकी काही आठवत नाही मला त्या वाटेवरचं, एवढं आठवतं. आणि नंतर तो दाढीवाला. तू पिशवी लपवलीस ती दिसली मला. तो हातावर हात ठेवून दाखवत होता तेही दिसलं. मला इंग्रजी येत नाही हेमा. डोळे आहेत.”

“मग इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांना…”

“तूच बोललीस ना. मी नव्हतं सांगितलं तुला तसं बोल म्हणून.” त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. “तू बोललीस, आणि मला उभं राहायला जागा मिळाली. एवढीशीच जागा होती. मग ती सोडवेना.”

जुईचं रडणं थांबलं होतं. ती आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होती.

“आता सोडा,” मी म्हटलं. “आता तरी. भूषणला नका सांगू, मंडळात नका सांगू. माझ्या आईला एक फोन करा. एवढंच.”

सासूबाईंनी साडीचा काठ वर उचलून धरला. त्यांचे पाय गवतात ओले होऊन लाल पडले होते. मला त्यांची कीव येत होती, आणि ती येतेय याचाच संताप येत होता.

“तुला सवय झालीय आता,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला या वयात कशी व्हायची?”

आणि त्या नळाकडे वळल्या, पाय धुवायला.

जुई माझ्याजवळ आली. मफलरचं एक टोक जमिनीवर लोळत होतं. मी खाली बसून तो तिच्या गळ्याभोवती नीट गुंडाळला आणि दोन गाठी मारल्या.

“आई,” ती म्हणाली, “तू बाबांसाठी खूण ठेवली होतीस की नव्हती?”

“ठेवली होती. हीच.”

तिनं हनुवटी खाली करून मफलर बघितला. “मग बाबांना नाही कळली?”

“बाबा तिथपर्यंत आलेच नाहीत.”

“मग कुणालाच नाही कळली?”

“आजीला कळली होती,” मी म्हटलं, नळापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सासूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. पाय धुऊन झाले होते, तरी नळ बराच वेळ चालू राहिला.